‘नाही’ म्हणायला शिकवणारा मालवणातला इंग्रजीचा क्लास

मालवणच्या बाजारपेठेत एका दुकानाच्या माडीवर इंग्रजी संभाषणाचा क्लास चालतो, त्याबद्दल लिहितेय. महिन्याचा कोर्स, सोमवार ते शुक्रवार, दुपारी साडेतीन ते पाच, फी १,८०० रुपये. शिकवणाऱ्या बाई हायस्कूलमधून निवृत्त झालेल्या आहेत. इंग्रजी बोलायला शिकवणारे क्लास कुडाळ-कणकवलीपर्यंत गल्लोगल्ली आहेत, पण या क्लासचा विषय ठरलेला आहे. नकार कसा द्यायचा, अडचण कशी सांगायची आणि खात्री नसेल तेव्हा काय बोलायचं, महिनाभर एवढंच. स्वतःची ओळख करून द्या, आवडता छंद सांगा, असलं काही इथे नाही.

आमच्या तारकर्लीच्या रस्त्याला चार खोल्या आहेत, सोबत घरगुती जेवण. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला तेव्हा इकडे येणारं गिऱ्हाईक बहुतेक मुंबई-पुणे-कोल्हापूरचं. मराठीत नाहीतर मोडक्या हिंदीत भागत होतं. आता बेंगळुरू, हैदराबाद, कोची, गोव्याहून इकडे वळलेले परदेशी, सगळे येतात. त्यातल्या कितीतरी जणांना हिंदी धड येत नाही. ‘वेलकम’, ‘प्लीज सिट’, ‘फिश थाळी रेडी’ हे सगळ्यांना जमतं. हो म्हणायला इंग्रजी फारसं लागतच नाही, मान हलवली की झालं. आपली गाडी अडते ती नाही म्हणताना, आणि व्यवसायातली निम्मी भांडणं तिथेच होतात.

आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. ‘बघते हां’, ‘सांगते तुम्हाला’, ‘जमवूया काहीतरी’. समोरचा मालवणी माणूस असेल तर त्याला कळतं की काम होणार नाही, आणि कुणाचं मनही मोडत नाही. बाईंनी पहिल्याच आठवड्यात हे फळ्यावर मांडलं. डिसेंबरच्या गर्दीत फोन येतो, २५ तारखेला खोली आहे का. आपण म्हणतो, ‘आय विल सी.’ इंग्रजीत बोलणारा पाहुणा त्याचा अर्थ घेतो की ही बाई आता प्रयत्न करणार आणि मला कळवणार. तो दुसरीकडे बघायचं थांबवतो. दोन दिवसांनी त्याला कळतं की खोली कधी नव्हतीच. मग तो चिडतो, गुगलवर एक तारा देतो, आणि आपण म्हणतो माणूस उर्मट होता.

त्यावर बाईंनी बसवलेला नकार अगदी साधा आहे. एकदाच सॉरी, एका वाक्यात कारण, मग आपल्याकडे जे आहे ते. व्हॉट्सॲपसाठीचा मजकूर आमच्याकडून घोटून घेतला: ‘थँक यू फॉर युवर मेसेज. आय ॲम सॉरी, वी आर फुल ऑन द ट्वेंटी-फिफ्थ. वी हॅव अ रूम फ्रॉम द ट्वेंटी-सेवन्थ, इफ दॅट वर्क्स फॉर यू.’ बस. आमच्यातली एक वहिनी तीन वेळा सॉरी लिहून वर नवऱ्याच्या आजारपणाचं कारण जोडत होती. बाई म्हणाल्या, ‘वहिनी, तुम्ही गुन्हा केलेला नाही, खोली भरलेली आहे.’ जास्त सॉरी म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं अजून थोडं ताणलं तर मिळेल. हे मला शंभर टक्के पटलं, कारण रोज बघते.

‘आय ॲम अफ्रेड’ हे इथेच नीट कळलं. आय ॲम अफ्रेड वी डोन्ट हॅव सुरमई टुडे. यात भीतीचा काही संबंध नाही, वाईट बातमी सांगताना आवाज मऊ करायची ती रीत आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, पाहुणे मात्र जुलैतही ताजी सुरमई मागतात. बर्फातला मासा ताजा म्हणून वाढायचा नसेल तर हे वाक्य घशात अडकून चालत नाही. पुढे आपण खाडीतल्या तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) जोडायचं, वी हॅव तिसऱ्या फ्रॉम द क्रीक, वुड यू लाइक टू ट्राय दॅट?

पण क्लासमधला सगळ्यात मोलाचा भाग मऊ नकाराचा नाहीच. आमच्या बॅचला स्कूबावाली दोन पोरं होती. दमा असलेला, हृदयाचा त्रास असलेला, कानाचं ऑपरेशन झालेला, गरोदर बाई, दारू प्यालेला, यांना पाण्याखाली न्यायचं नसतं. पैसे भरलेला पाहुणा ऐकत नाही, ‘ओन्ली टेन मिनिट्स’ म्हणून मागे लागतो. पोरगा बोलला, ‘सर, आय थिंक इट इज लिटल डिफिकल्ट.’ बाईंनी त्याला तिथेच थांबवलं. डिफिकल्ट म्हटलं की समोरच्याला वाटतं अवघड आहे, म्हणजे होण्यासारखं आहे. इथे सॉरी नको, अफ्रेड नको, थिंक नको. ‘आय कॅनॉट टेक यू डाउन विथ ॲस्थमा. इट इज नॉट सेफ.’ आणि गप्प बसायचं. ते गप्प बसणंही सरावात घेतलं. पोरगा वाक्य बोलायचा, बाई पाहुण्यासारख्या हुज्जत घालायच्या, आणि त्याने तेच वाक्य त्याच आवाजात परत म्हणायचं. देवबागला नदी समुद्राला मिळते त्या संगमाकडे पाण्याला ओढ असते आणि बाहेरचे लोक तिथे खुशाल उतरतात. समुद्रावर धंदा करणाऱ्या प्रत्येकाला हा एक तास फुकट मिळायला हवा असं मला मनापासून वाटतं.

‘कॅनॉट’ असं तोडून म्हणायचं कारणही सांगितलं. ‘कान्ट’मधला शेवटचा ट आपण फोनवर गिळतो, आणि अमेरिकन माणसाचं ‘कान्ट’ तर आपल्या कानाला ‘कॅन’सारखंच लागतं. नकार महत्त्वाचा असेल तेव्हा पूर्ण शब्द उच्चारायचा. इतकी बारीक गोष्ट, पण बुकिंगच्या फोनवर हीच घोटाळा करते.

मग आला उलट्या प्रश्नांचा दिवस, तो सगळ्यांनाच जड गेला. पाहुणा विचारतो, ‘डोन्ट यू हॅव अ जनरेटर?’ आपल्याकडे जनरेटर नाही. मराठीत आपण म्हणतो, ‘हो, नाहीये.’ त्याच सवयीने तोंडातून ‘यस’ निघतं आणि पाहुणा समजतो जनरेटर आहे. इंग्रजीत प्रश्न कसाही विचारलेला असो, वस्तू नसेल तर उत्तर नो, असेल तर यस. तसंच ‘वुड यू माइंड इफ वी चेक आउट लेट?’ इथे परवानगी द्यायची असेल तर ‘नो, नॉट ॲट ऑल’ म्हणायचं, कारण प्रश्न हरकत आहे का असा आहे. आपल्याकडच्या बऱ्याच जणी प्रेमाने ‘यस, यस’ म्हणतात आणि पाहुणा ओशाळून बॅग भरायला लागतो. बाईंनी यावर एक अख्खी दुपार घालवली, एकेकाला उभं करून. मला विचाराल तर दोन दुपारी हव्या होत्या.

अडचण सांगायचा भाग बरा आहे. ‘सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट’, ‘कुड यू से दॅट अगेन, मोअर स्लोली?’, ‘आय ॲम हॅविंग ट्रबल हिअरिंग यू’. कळलं नाही तरी मान हलवत राहायची आपली सवय मोडायला या तीन वाक्यांचा उपयोग होतो. ‘हार्ड’ आणि ‘हार्डली’चा फरकही पक्का झाला. आय वर्क हार्ड म्हणजे मी खूप काम करते, आय हार्डली वर्क म्हणजे जवळजवळ काहीच करत नाही, आणि दुसरं वाक्य आमच्या रिक्षावाल्या दादांनी महिनाभर छातीठोक वापरलं होतं. बाकी या भागातली पुस्तिका मात्र निरुपयोगी. झेरॉक्स काढलेल्या पानांवर बॉस, मीटिंग, डेडलाइन, प्रेझेंटेशन. मालवणात कुणाला प्रेझेंटेशनची अडचण आहे? टाकीतलं पाणी संपलं, लाइट गेली, गॅस संपला, रिक्षा यायला तयार नाही, एटीएममध्ये पैसे नाहीत, आमच्या अडचणी या. बाई तोंडी उदाहरणं इथली देतात, ती छान असतात, पण घरी जाऊन उघडायचं ते पुस्तक परक्या गावचं.

आता माझी खरी तक्रार. शंका आणि अनिश्चितता हा तिसरा भाग शेवटच्या आठवड्यात कोंबलेला आहे. प्रॉबेबली, परहॅप्स, मे, माइट यांचा एक तक्ता, थोडी वाक्यं, संपलं. मला तर वाटतं कोकणच्या किनाऱ्यावर निम्मं बोलणं यातच होतं. उद्या होडी जाईल का? डॉल्फिन दिसतील का? पाऊस थांबेल का? मे अखेरीला किल्ल्यावर जाता येईल का? यातल्या एकाचंही उत्तर धड हो किंवा नाही असं नसतं.

आमच्या बॅचमधले एक होडीवाले काका त्या दिवशी उठून म्हणाले, ‘बाई, ‘माइट’ म्हटलंय तर गिऱ्हाईक दुसऱ्या होडयेर जातला.’ प्रश्न खरा होता. डॉल्फिन नक्की दाखवतो म्हणणारा शेजारी गिऱ्हाईक नेतो. बाईंचं उत्तर मला आवडलं. खात्री नाही हे सांगायचं, पण त्यासोबत जे माहीत आहे ते सांगायचं. ‘आय कान्ट प्रॉमिस डॉल्फिन्स. वी ऑफन सी देम अर्ली इन द मॉर्निंग, व्हेन द सी इज काम.’ ऐकणाऱ्याला कळतं की या माणसाला समुद्र कळतो. काकांनी ते दोनदा म्हणून पाहिलं, वहीत देवनागरीत लिहून घेतलं. अशी चर्चा आठवडाभर चालली असती तर सगळ्यांचं भलं झालं असतं, पण घड्याळात पाच वाजले.

त्याच आठवड्यात माझाही एक प्रश्न होता. आमच्याकडे उतरलेल्या एका मुलीला कोळंबीची ॲलर्जी होती, आणि तिच्या आईने विचारलं की बांगडा तळता त्या तेलात कोळंबी पडते का. आमच्या स्वयंपाकघरात सुका जवळा (कोळंबीच्याच जातीचा, अगदी बारीक) असतो, कोळंबी रोज येते, तवा दोन आहेत पण हात तेच. अशा वेळी ‘नो प्रॉब्लेम’ म्हणणं सोपं असतं. बाईंनी फळ्यावर दिलं: ‘वी कुक प्रॉन्स इन द सेम किचन. आय विल यूज अ क्लीन पॅन अँड फ्रेश ऑइल, बट आय कॅनॉट बी हंड्रेड परसेंट शुअर.’ पहिल्या वाक्यात काय आहे ते, दुसऱ्यात मी काय करीन आणि कशाची खात्री देऊ शकत नाही ते. हे वाक्य मी आता स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवलंय, कारण माझी जाऊही पाहुण्यांशी बोलते.

शिवाय ‘आय डोन्ट थिंक द बोट विल गो’ हे ‘आय थिंक द बोट विल नॉट गो’पेक्षा इंग्रजी कानाला सहज वाटतं, आणि काही विचारायचं असेल तर ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणावं. ‘आय हॅव अ डाउट’ म्हटलं तर परदेशी माणसाला वाटतं आपला त्याच्यावर विश्वास नाही. या दोन गोष्टी अगदी शेवटच्या दिवशी, घाईत सांगितल्या. त्यांना जास्त वेळ मिळायला हवा होता.

फोनवरचा सराव अजिबात नाही, ही दुसरी कमतरता. आमची बहुतेक बोलणी फोनवर होतात. चेहरा दिसत नाही, रेंज येते-जाते, आणि समोरचा तेलुगू ढंगाचं नाहीतर ब्रिटिश इंग्रजी बोलतो. बाईंकडे ऐकवायला रेकॉर्डिंगं आहेत, ती सगळी एकाच धाटणीच्या आवाजातली. शेजारच्या खोलीत जाऊन एकमेकींना फोन लावायला लावले असते तरी पुष्कळ झालं असतं. हे मी बाईंना सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं.

जागेचं म्हणाल तर माडीवर वीस खुर्च्या, दोन पंखे, लाइट गेली की खिडकीशी सरकायचं. दुपारची वेळ मात्र विचार करून ठेवलेली आहे, पाहुण्यांची जेवणं आटोपून भांडी पडलेली असतात आणि संध्याकाळच्या चहाला अवकाश असतो. बाई कुणाला हसू देत नाहीत, हेही सांगायला हवं. साठीच्या काकी आणि अठरा वर्षांची पोरगी शेजारी-शेजारी बसून चुकतात आणि कुणाला लाज वाटत नाही.

१,८०० रुपये मला वसूल वाटले ते पहिल्या दोन आठवड्यांसाठीच. होमस्टे, खानावळ, होडी, स्कूबा, रिक्षा, यातलं काहीही चालवत असाल तर जरूर जा. नोकरीच्या मुलाखतीसाठी इंग्रजी हवं असेल तर इथे जाऊ नका, ते काम दुसऱ्या क्लासचं. पावसाळ्यात होड्या आणि स्कूबा बंद असल्यामुळे जूनची बॅच लवकर भरते, गणपतीनंतरच्या बॅचला जागा मिळते. नाव फोनवर घेत नाहीत, पहिल्या दिवशी जाऊन फी भरावी लागते. आणि गेलात तर बाईंना तिसरा भाग आधी घ्या म्हणून सांगा. आणखी दोघी-तिघींनी सांगितलं तर त्या नक्की ऐकतील.