डबा आला का, मगच इन्सुलिन

जळगावातल्या एका खासगी रुग्णालयाचा ३० खाटांचा सर्जरी वॉर्ड. नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. हर्नियासाठी किंवा मधुमेहात चिघळलेल्या पायासाठी इथे भरती व्हायचं असेल, तर डॉक्टर दिवसातून दोनदा दिसतील. बाकी सगळा वेळ सिस्टरांशीच गाठ. म्हणून हे परीक्षण फक्त नर्सिंगचं.

सकाळी ८ आणि दुपारी २ ला ड्युटी बदलते तेव्हा दोन्ही सिस्टर हँडओव्हर, म्हणजे पेशंटची माहिती पुढच्या पाळीला सोपवणं, काउंटरवर न देता खाटेपाशी येऊन देतात. शेवटी पेशंटलाच विचारतात, काही सांगायचं राहिलं का? रात्रीची उलटी, सलाईनच्या सुईपाशी आलेली सूज, हे तेव्हाच बाहेर पडतं. विचारणं अहिराणीत झालं, "कितलं दुखस?", की म्हातारी माणसंही बोलती होतात.

दुखणं शून्य ते दहामध्ये सांगा म्हटलं की अनेकांना उमगत नाही. इथे 'रुपयात किती आणे' असं विचारतात. युक्ती झकास, पण रुपयाचे आणे सोळा, म्हणून बारा आणे म्हणजे दहापैकी साडेसात. एका चार्टवर थेट १२ लिहिलेलं दिसलं. दहाच्या पट्टीवर १२ वाचून पुढच्या पाळीने काय समजायचं?

सगळ्यात पक्कं काम इन्सुलिनचं. ३०/७० मिक्स (लवकर आणि सावकाश काम करणारं एकत्र) इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास द्यायचं असतं. वॉर्डाची वेळ संध्याकाळी ७ ची, पण यावल-चोपड्याकडचा डबा एसटीने येतो आणि कधी ८ वाजवतो. सुई ७ ला टोचली आणि डबा अडकला, तर घाम, थरथर, साखर खाली. म्हणून सिस्टर आधी डबा आला का ते विचारते, मग झाकण उघडून बघते: कळण्याच्या भाकरी किती, दोन की तीन? रोज एवढंच खाता का? उपास असेल तर ती डोस परस्पर बदलत नाही, डॉक्टरांना फोन लावते. पोटावर टोचायचं की मांडीवर, हे मात्र पेशंट ठरवतो. जागा रोज दोन बोटं सरकवायची एवढी अट.

लघवीच्या नळीवरून खरी ओढाताण होते. पेशंटला नळी हवी असते, उठताना टाके ओढतात ना! सिस्टरला ती लवकर काढायची असते, कारण नळी जितके दिवस राहील तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. इथे मधला मार्ग काढतात: डॉक्टरांनी होकार दिला की नळी सकाळी काढायची, रात्रीला भांडं खाटेशी. पहिल्यांदा उठणं पॅरासिटामॉलची बाटली संपल्यावर अर्ध्या तासाने. आधी पाय खाली सोडून पाच मिनिटं बसायचं, मग उभं राहायचं. एकदम उठलं की रक्तदाब उतरतो, चक्कर येते. नळी काढल्यावर सहा तासांत लघवी झाली नाही तर सांगायचं, हेही बजावतात.

रात्री ८ नंतर यातलं फार थोडं उरतं. दोन सिस्टर, ३० खाटा. हँडओव्हर परत काउंटरवर. विचारायला वेळ नाही म्हणून झोपलेल्याला उठवून गोळी देऊन मोकळ्या होतात.

दुसरी खोट नातेवाइकांची, आणि वॉर्ड ती चालवून घेतो. बाई शुद्धीत, बोलतेय, तरी संमतीपत्रावर सही मुलाची. "तिले काय समजस" म्हटलं की विषय संपला. सज्ञान, शुद्धीतल्या पेशंटची संमती तिचीच लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात तपासणीपुरती दिलेली संमती पुढच्या शस्त्रक्रियेला चालत नाही, असंही सांगितलं आहे. सही घेणारी सिस्टर हे जाणते, पण मुलाशी वाद घालायला धजत नाही. डॉक्टरांनी समजावायचं काम तिच्या गळ्यात पडतं, ही तिचीही अडचणच.

फाइलच्या पहिल्या पानावर 'माहिती कोणाला द्यावी' असा रकाना आहे. बहुतेक फाइलींत तिथे जावयाचा नाहीतर मुलाचा मोबाइल नंबर असतो. भरती होतानाच तिथे पेशंटचं स्वतःचं नाव वर लिहून घ्या, मुलाचं खाली.