नोटीस पूर्ण करावी, कमी करून घ्यावी की पैसे भरून निघावे?

हातात नवीन नोकरीचे ऑफर लेटर आहे, त्यात रुजू होण्यासाठी तीस दिवसांची मुदत आहे आणि सध्याच्या नोकरीच्या नेमणूकपत्रात मात्र नव्वद दिवसांची नोटीस लिहिलेली आहे, ही अडचण पुण्यातल्या हिंजवडी-खराडीपासून ठाणे-ऐरोलीपर्यंत खासगी नोकरी करणाऱ्या असंख्य लोकांच्या वाट्याला येते. अशा वेळी चार मार्ग असतात. पूर्ण नोटीस भरायची, कंपनीच्या संमतीने ती कमी करून घ्यायची, उरलेल्या दिवसांचे पैसे भरून निघायचे, किंवा काहीही न करता सरळ निघून जायचे. या चारही मार्गांची किंमत पैशांत, वेळेत आणि कागदपत्रांत वेगवेगळी असते आणि ती आधी मांडून पाहिल्याशिवाय राजीनामा पाठवणे धोक्याचे आहे.

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. व्यवस्थापकीय, तांत्रिक किंवा पर्यवेक्षकीय पदांवरील बहुतेक कर्मचाऱ्यांसाठी नोटीस किती दिवसांची, हे मुख्यतः नेमणूकपत्रावरून ठरते. कामगारांच्या सेवाशर्ती ठरवणाऱ्या १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालील आदर्श आदेशांत मासिक पगारावरील कायम कामगारासाठी एक महिन्याची नोटीस किंवा त्याऐवजी एक महिन्याचा पगार अशी तरतूद होती आणि ती मालक व कामगार दोघांनाही सारखीच लागू होती. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात रूढ झालेले नव्वद दिवस करारातून आलेले आहेत. त्यामुळे नेमणूकपत्रातील ते एक कलम शब्दन् शब्द वाचणे, हीच निर्णयाची पहिली पायरी ठरते. ‘नव्वद दिवसांची नोटीस किंवा त्याऐवजी वेतन’ असे लिहिले असेल तर पैसे भरून निघण्याचा पर्याय कर्मचाऱ्याकडे आहे असे म्हणता येते, पण त्यापुढे ‘कंपनीच्या मर्जीनुसार’ असे दोन शब्द जोडलेले असतील तर तो पर्याय कंपनीच्या हातात जातो. या दोन शब्दांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे झालेले वाद मी मनुष्यबळ विभागात काम करताना वारंवार पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट कायद्याच्या मर्यादेची. व्यक्तिगत सेवेचा करार न्यायालय कोणालाही बळजबरीने पाळायला लावत नाही, म्हणजेच कोणतीही कंपनी न्यायालयाच्या आदेशाने आपल्याला उरलेले साठ दिवस खुर्चीत बसवू शकत नाही. ती मागू शकते ती भरपाई. त्या बाबतीत भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ७४ असे सांगते की करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि तिच्या आत वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळते. तरीही ‘करार काही टिकत नाही’ या सल्ल्यावर विसंबून राहू नये. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची बँकेची अट वैध ठरवली. ते प्रकरण बाँडचे होते, नोटिशीचे नव्हते. पण मुदतीआधी निघणाऱ्याकडून वाजवी रक्कम घेण्यास न्यायालयाचा विरोध नाही, एवढे त्यातून निश्चित समजते.

आता पहिला मार्ग, पूर्ण नोटीस. याचा फायदा उघड आहे. त्या काळातला पगार मिळतो, रिलीव्हिंग लेटर (सेवेतून मुक्त केल्याचे पत्र) आणि अनुभवाचे प्रमाणपत्र अडवण्याचे कारण कंपनीकडे उरत नाही आणि पुढच्या नोकरीतील पार्श्वभूमी पडताळणीत उत्तर सरळ येते. मात्र एक फायदा सहसा लक्षात घेतला जात नाही, तो म्हणजे नोटिशीचे दिवसही सेवेतच मोजले जातात. ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांनुसार कंपनीकडून मिळणाऱ्या एकरकमी रकमेसाठी, कायम कर्मचाऱ्याला पाच वर्षांची सलग सेवा लागते. चार वर्षे दहा महिने झालेल्या व्यक्तीने नव्वद दिवसांची नोटीस पूर्ण केली तर ती पाच वर्षांच्या पुढे जाते. तीस दिवसांत निघाली तर जात नाही. ग्रॅच्युइटीसाठीचे मासिक वेतन ४०,००० रुपये असेल, तर १५ भागिले २६ या सूत्राने पाच वर्षांचे सुमारे १,१५,००० रुपये होतात. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी ग्रॅच्युइटी मिळते असा अर्थ काही न्यायनिर्णयांत लावला गेला आहे, पण त्यासाठी कंपनीशी झगडण्यापेक्षा दोन महिने थांबून हक्क निर्विवाद करून घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

पूर्ण नोटिशीचा तोटा एकच आहे, पण तो मोठा आहे. नवी कंपनी तीन महिने थांबेलच असे नाही. ऑफर लेटर हाती असतानाही मधल्या काळात प्रकल्प रद्द होऊ शकतो, भरती थांबू शकते आणि आपण मात्र राजीनामा देऊन बसलेलो असतो. ठरलेला शेवटचा दिवस उजाडण्यापूर्वी राजीनामा मागे घेता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सरकारी सेवेतील प्रकरणांत मान्य केले आहे. पण खासगी कंपनीत ती गोष्ट करारावर आणि कंपनीच्या तयारीवर अवलंबून असते आणि तोवर आपली जागा दुसऱ्याला दिलेली असण्याची शक्यता बरीच असते.

दुसरा मार्ग म्हणजे पैसे भरून निघणे, ज्याला सगळे बायआउट म्हणतात. याचे गणित बहुतेक लोक अर्धेच करतात, म्हणून ते येथे पूर्ण मांडतो. समजा, सध्याचा मासिक ग्रॉस (एकूण) पगार ८०,००० रुपये आहे, त्यातील बेसिक (मूळ वेतन) ४०,००० आहे, नवा पगार १,१०,००० आहे आणि नोटिशीचे ४५ दिवस टाळायचे आहेत. लोक म्हणतात की बेसिकवर ६०,००० रुपये भरायचे आणि नव्या ठिकाणी ४५ दिवसांचे १,६५,००० मिळणार, म्हणजे एक लाखाचा फायदा. परंतु त्याच ४५ दिवसांत जुन्या कंपनीत राहिलो असतो तर १,२०,००० रुपये मिळालेच असते, ते या हिशेबात धरलेले नसतात. खरा हिशेब असा: थांबलो तर १,२०,०००, बायआउट केले तर १,६५,००० वजा ६०,०००, म्हणजे १,०५,०००. पगार साडेसदतीस टक्क्यांनी वाढूनही पंधरा हजारांचे नुकसान होते. कंपनी ग्रॉसवर वसुली करत असेल तर भरायचे १,२०,००० होतात, हाती ४५,००० उरतात आणि नुकसान ७५,००० वर जाते.

याच गणितातून एक सोपी कसोटी निघते. बेसिक ग्रॉसच्या निम्मा असेल आणि वसुली बेसिकवर असेल, तर नवा पगार जुन्याच्या दीडपट असल्याशिवाय बायआउट परवडत नाही. वसुली ग्रॉसवर असेल तर नवा पगार दुप्पट हवा. म्हणून वसुली बेसिकवर की ग्रॉसवर, हा प्रश्न राजीनाम्यापूर्वी नेमणूकपत्रात आणि कंपनीच्या धोरणात शोधावा. अर्थात नवी कंपनी ही रक्कम भरून देत असेल तर चित्र पालटते, मात्र तसे ऑफर लेटरमध्ये लिहून घेतले पाहिजे आणि ती भरपाई सर्वसाधारणपणे पगाराचाच भाग म्हणून करपात्र धरली जाते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. भरलेल्या नोटीस-वेतनावर जीएसटी लावला जात असल्यास हरकत घ्यावी, कारण अशा वसुलीवर जीएसटी लागत नाही, असे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलेले आहे.

तिसरा मार्ग संमतीने नोटीस कमी करून घेण्याचा. माझ्या मते नव्वद दिवसांच्या करारात अडकलेल्या बहुतेकांनी सर्वप्रथम हाच प्रयत्न करावा, कारण यात पैसे भरावे लागत नाहीत आणि कागदही स्वच्छ राहतात. मात्र तो ‘जरा लवकर सोडा’ अशा विनंतीने साध्य होत नाही. राजीनाम्याच्या ईमेलमध्येच नेमणूकपत्राप्रमाणे येणारा शेवटचा दिवस लिहावा, त्याखाली आपण सुचवलेला त्याआधीचा दिवस लिहावा आणि पहिल्या आठवड्यातच हँडओव्हरचा आराखडा द्यावा: कोणते काम कोणाकडे जाणार, त्या व्यक्तीला शिकवायला किती दिवस लागणार, कोणते पासवर्ड, कोणत्या फाइली, कोणत्या ग्राहकाशी ओळख करून द्यायची. वरिष्ठांना खरी भीती असते ती काम उघड्यावर पडण्याची. ती भीती कागदावर दूर झाली की पंचेचाळीस ते साठ दिवसांत सुटका होण्याची शक्यता वाढते. शिल्लक रजा नोटिशीत वळती करता येते का, हेही त्याच वेळी विचारावे. काही कंपन्या ते मान्य करतात, काही मात्र नोटिशीच्या काळात घेतलेल्या रजेएवढे दिवस पुढे वाढवतात.

येथे स्वतःचा अनुभव सांगणे आवश्यक वाटते. माझ्या दुसऱ्या नोकरीत माझ्या वरिष्ठांनी पंचेचाळीस दिवसांत सोडण्याचे तोंडी कबूल केले आणि मी त्या भरवशावर नव्या ठिकाणची तारीख दिली. तिसऱ्या आठवड्यात त्यांची बदली झाली, नव्या वरिष्ठांना आमचे बोलणे ठाऊक नव्हते आणि एचआरने नव्वद दिवसांचा आग्रह धरला. नव्या कंपनीने सहा आठवडे वाट पाहिली म्हणून निभावले, पण त्या काळातली झोपमोड मी विसरलेलो नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगतो की बदललेली तारीख वरिष्ठ आणि एचआर या दोघांच्याही लेखी उत्तरात आल्याशिवाय नव्या कंपनीला कळवू नये.

चौथा मार्ग, म्हणजे न सांगता निघून जाणे, यावर फार लिहिण्यासारखे नाही. त्यात शेवटचा पगार अडकतो, रिलीव्हिंग लेटर मिळत नाही, कंपनीच्या नोंदीत आपण गैरहजर राहून पळालेले ठरतो आणि पुढे दोन-तीन नोकऱ्यांनंतरही पडताळणीत ती नोंद समोर येऊ शकते. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्याला ती आधार-ओटीपीच्या आधारे स्वतः भरता येते, त्यामुळे निधी कायमचा अडकत नाही. पण बाकीचे नुकसान भरून निघत नाही. महिनोन्‌महिने पगार थकला असेल, छळ होत असेल किंवा प्रकृती खरोखर ढासळली असेल, तर तत्काळ निघण्याला मी चूक म्हणणार नाही. मात्र तेव्हाही कारण नमूद करणारा राजीनामा ईमेलने पाठवून, लॅपटॉप व ओळखपत्र परत केल्याची पोच घेऊनच निघावे.

महाराष्ट्रातील खासगी शाळांमधील शिक्षकांनी वरील तुलना जशीच्या तशी लावू नये, कारण त्यांच्यासाठी स्वतंत्र नियम आहेत. १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आणि त्याखालील १९८१ ची नियमावली यांनुसार कायम शिक्षकाला तीन महिन्यांची आणि इतरांना एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. राजीनामा दोन प्रतींत, सही व तारखेसह तयार करून एक प्रत व्यवस्थापनाला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायची असते आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची असते. सुट्टीचा काळ नोटिशीत धरता येत नाही, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत नोटीस पूर्ण करून जूनमध्ये दुसरीकडे रुजू होण्याचा बेत बसत नाही.

आता निवडीकडे येऊ. नोटीस एकच महिन्याची असेल तर ती पूर्ण भरावी. तीस दिवस वाचवण्यासाठी कोणताही खर्च किंवा मनस्ताप करण्यात अर्थ नाही. नोटीस नव्वद दिवसांची असेल आणि ग्रॅच्युइटीची पाच वर्षे त्याच काळात पूर्ण होत असतील, तर नव्या कंपनीकडे मुदतवाढ मागून पूर्ण थांबावे. तसे नसेल तर साठ दिवसांची लेखी मागणी करावी, ती नाकारली गेली तरच बायआउटचा हिशेब उघडावा आणि तोही नवी कंपनी रक्कम भरत असेल किंवा पगारवाढ वरच्या कसोटीला उतरत असेल तेव्हाच. चारपैकी कोणताही मार्ग घेतला तरी अंतिम हिशेबाबाबत एक तरतूद उपयोगी पडते: २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांपैकी वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचे देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करायचे असते. फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी होईल असे उत्तर आले, तर वेतनापुरती तरी या तरतुदीची आठवण लेखी करून द्यावी.