आय सेव्हन मागितला, आय सेव्हनच मिळाला

जानेवारीत सीसीआयच्या, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाच्या केंद्रावर कापूस दिला, तेव्हा ग्रेडरने गाडीत तीन ठिकाणी ओलाव्याचं मीटर खुपसलं. साडेनऊ टक्के निघालं. आठच्या वर गेलं म्हणून तेवढी कपात झाली. मी कुरकुरलो, पण मनात म्हटलं, घेणारा पाहूनच घेईल, त्याचं काय चुकलं? त्याच पैशातून पंधरा दिवसांनी मी कॉम्प्युटर घेतला आणि घेताना काहीच पाहिलं नाही. १९,५०० रुपये मोजले. तेव्हाच्या ८,११० च्या हमीभावाने अडीच क्विंटलला थोडा कमी कापूस झाला तो.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. पोरगी बारावी झाली, मराठी ३० चं, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांचं टायपिंग करते. इन्स्टिट्यूटमध्ये रोज तासभर मशीन मिळतं, तेवढ्यानं हात बसत नाही. शिवाय सातबारा, शिष्यवृत्तीचे फॉर्म, पीकविम्याची पावती, प्रत्येक वेळी सेतूवाल्याच्या दारात उभं राहायचा कंटाळा आला होता. म्हटलं, एक साधा डेस्कटॉप घरी असू द्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर एका दुकानाची जाहिरात फिरत होती. ‘आय सेव्हन, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, २२ इंची मॉनिटर, एकदम नवीन, ३ वर्षं वॉरंटी.’ आय सेव्हन म्हणजे प्रोसेसर, कॉम्प्युटरचा मेंदू; रॅम म्हणजे त्याची कामापुरती आठवण आणि एसएसडी म्हणजे फाइली साठवायची जागा, एवढंही मला तेव्हा धड माहीत नव्हतं. दुकान जिल्ह्याच्या ठिकाणी. गेलो तर समोर काचेचा कॅबिनेट ठेवलेला, आत तीन पंखे, निळे-लाल दिवे फिरताहेत. पोरीचे डोळे तिथेच अडकले. खरं सांगायचं तर माझेही.

“काकाजी, आय सेव्हन हाय हे. लोकं आय थ्रीसाठी मरून राह्यले,” दुकानदार म्हणाला. “अन् रॅमचे भाव पाहा कुठं चालले. उद्या याच भावात भेटन तं माझं नाव बदला.”

रॅमचे भाव वाढलेत ही गोष्ट खरी होती, मी बातमीत वाचली होती. फसवणाऱ्याची दहा वाक्यं असतात, त्यातलं एक असं खरं असतं आणि आपण बाकीची नऊ त्याच्या भरवशावर घेतो. १२,००० फोन पेने दिले, ७,५०० रोख. स्कॅनरवर दुकानाचं नाव न येता कुण्या माणसाचं नाव आलं. विचारलं तर म्हणे, लहान भावाचं खातं आहे. चालेल म्हटलं. पावतीवर वर ‘एस्टिमेट’ छापलेलं, खाली हाताने लिहिलं ‘कॉम्प्युटर सेट, १ नग’. वॉरंटी त्याने व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनाने लिहून दिली. आता लिहिताना माझं मलाच हसू येतं.

पहिला आठवडा बरा गेला. मग शेजारची पिठाची चक्की सुरू झाली की आमचं मशीन बंद पडू लागलं. व्होल्टेज पडतं हे ठाऊक होतं, पण त्याच बोर्डावर टीव्ही चालायचा आणि हे मात्र बसायचं. नंतर स्क्रीनच्या कोपऱ्यात विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा असं पुसट अक्षरात आलं. मग सी ड्राइव्ह लाल झाला, जागा संपली. पोरगी म्हणाली, “बाबा, ५१२ होतं ना? इथं तर १२० च दिसते.”

भाचा पुसदला दुरुस्तीचं काम करतो. रविवारी आला. सोबत पेनड्राइव्ह आणि स्क्रू ड्रायव्हर. आधी त्याने पेनड्राइव्हमधून सीपीयू-झेड नावाचं छोटं सॉफ्टवेअर चालवलं. विंडोजच्या माहितीच्या पानावर प्रोसेसरचं नाव हवं ते दाखवता येतं, तिथे भरवसा ठेवू नका, असं त्याने सांगितलं. हे सॉफ्टवेअर थेट प्रोसेसरलाच विचारतं. नाव आलं, आय७-२६००. भाचा काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे पाहत राहिला.

“मामाजी, गोऱ्हा म्हणून म्हातारा बैल बांधला तुमच्या दावणीले. २०११ चा हाय हा.”

मग त्याने मला तो हिशेब समजावला. आय थ्री, आय फाइव्ह, आय सेव्हन ही घराण्याची नावं आहेत. वय कळतं त्यापुढच्या आकड्यावरून. डेस्कटॉपच्या इंटेल प्रोसेसरवर चार आकडे असले तर पहिला आकडा पिढीचा. २६०० म्हणजे दुसरी पिढी, ८५०० म्हणजे आठवी. पाच आकडे असले तर पहिले दोन धरायचे, १०४०० म्हणजे दहावी. आणि आयच्या नावापुढे तीनच आकडे दिसले, तर तो पहिल्या पिढीचा, त्याहूनही जुना. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचे. माझ्या मशीनवर विंडोज ११ आडवाटेने कोंबलेलं होतं, त्याच्या पुढच्या अपडेटचा भरवसा नाही. विंडोज १० टाकावं तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला.

आबाजी खाटेवर बसून ऐकत होते. म्हणाले, “बैल घ्याच्या वक्ती दात पायतं, अन् याचं तोंडबी नाही उघडलं काय बाप्पा?”

तोंड भाच्याने उघडलं. काच काढली. दिव्यांचे पंखे नवे, पण प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पात्यांवर काजळीसारखी धूळ चिकटलेली. तो पंखा उचलला तर खालची, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट खडूसारखी वाळून भुगा झालेली. मदरबोर्डचा डबा नवा होता म्हणे, बोर्डाच्या स्क्रूंना मात्र गंज. मागच्या बाजूला सॉकेटभोवती जी पत्र्याची पट्टी असते ती नव्हतीच, मोकळ्या फटीतून झुरळ आत जाऊन आलेलं. एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, त्याने हातात दिला. वर ४५० वॅट लिहिलेलं, वजन रिकाम्या डब्यासारखं. चक्की सुरू झाली की मान टाकणारा हाच.

एसएसडी १२८ जीबीची निघाली. बाकीची जागा भरायला ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क. तिच्यावरचं स्टिकर अर्धवट खरवडलेलं, कुठल्यातरी कार्यालयाच्या मालमत्तेचा नंबर अजून वाचता येत होता. डिस्क किती तास चालली तेही क्रिस्टल डिस्क इन्फो नावाच्या दुसऱ्या एका फुकट सॉफ्टवेअरमध्ये दिसतं. आमची ४१,००० तास चाललेली. भाच्याने मोबाईलवर भागाकार केला, रात्रंदिवस पावणेपाच वर्षं. “कोण्या सीसीटीव्हीत होती वाटते,” तो म्हणाला. रॅम तेवढी खरीच १६ जीबी होती, पण डीडीआर३ नावाच्या जुन्या प्रकारची. नव्या मशीनमध्ये ती बसतही नाही.

सोमवारी मशीन घेऊन दुकानात गेलो. दुकानदार जराही आवाज न चढवता म्हणाला, “आय सेव्हन सांगितलं होतं काकाजी, आय सेव्हनच दिलं. कितव्या जनरेशनचं, ते तुम्ही विचारलं कुठं?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. विचारलं नव्हतंच.

१९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न केला तो बिलाचा. जीएसटी नंबर असलेलं पक्कं बिल हवं, त्यावर प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि सुट्या भागांचे सिरियल नंबर हवेत, हे मला तेव्हा कळलं. नंबर १५ अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या साइटवर टाकला की दुकान खरं की खोटं ते दिसतं. माझ्याकडे होता एस्टिमेटचा कागद.

वाचवलं ते पोरीने. तिने ती व्हॉट्सअ‍ॅपची जाहिरात पुसली नव्हती. ‘आय सेव्हन’वर दुकानदाराला धरता येत नव्हतं, पण ‘५१२ एसएसडी’ आणि ‘एकदम नवीन’ ही दोन्ही वाक्यं त्याच्याच नंबरवरून आलेली होती, आणि फोन पेची नोंदही होती. पाच लाखांच्या आतल्या मालाला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, वकीलही लागत नाही, आपल्याच जिल्ह्यात अर्ज करता येतो आणि दोन वर्षं मुदत असते. हे सगळं एका कागदावर लिहून, जाहिरातीची प्रिंट जोडून पुन्हा गेलो. अर्धा तास घासाघीस झाली. ६,००० परत दिले आणि म्हणाला, आता तुमचं माझं काही नाही. मी घेतले. लढायला हवं होतं असं काही जण म्हणतात. त्यांना तुरीच्या काढणीचे दिवस होते हे सांगावं लागतं.

राग जुन्या मालाचा नाही. जुना कॉम्प्युटर घ्यायला काही हरकत नाही. कंपन्यांमधून निघालेली आठव्या पिढीची आय फाइव्ह मशीन, ८ जीबी रॅम, २५६ ची एसएसडी, जुनं आहे असं सांगून आणि बिल देऊन कुणी विकत असेल तर टायपिंगला, फॉर्मला, ऑनलाइन क्लासला ती सोन्यासारखी. आम्हाला आय सेव्हनची गरजच नव्हती. पोरगी मराठी ३० टाइप करते, त्याला साधा आय थ्रीही पुरून उरतो. पण नाव मोठं दिसलं, दिवे दिसले. भाच्याने शेवटी ते दिवे काढले, चांगल्या कंपनीचा एसएमपीएस आणि ६०० व्हीएचा यूपीएस लावून दिला, आणि मशीन सध्या चालू आहे.

मागच्या आठवड्यात शेजारच्या चक्कीवाल्याला कॉम्प्युटर घ्यायचा होता. मला सोबत घेऊन गेला. दुसरं दुकान, तसाच काचेचा कॅबिनेट. मी खिशातून भाच्याचा पेनड्राइव्ह काढला आणि म्हटलं, चालू करा, एक मिनिट पाहतो.

“पेनड्राइव्ह नका लावू काकाजी,” दुकानदार म्हणाला, “व्हायरस येते.”

चक्कीवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. बसस्टँडवर कटिंग घेतली आणि दारव्ह्याची गाडी धरली.