टिचकीच्या टेबल फुटबॉलचा संच: साहित्य उत्तम, नियमपुस्तिका अपुरी

सबूटिओ पद्धतीच्या, म्हणजे छोट्या बाहुलीवजा खेळाडूंना बोटाने टिचकी मारून खेळायच्या, टेबल फुटबॉलचा एक प्राथमिक संच मी अलीकडे घेतला. त्यात कापडी मैदान, दोन गोल, चेंडू आणि प्रत्येकी अकरा खेळाडूंचे दोन संघ आहेत. खेळाडूंचे बूड खालून गोलाकार आणि वजनदार असल्यामुळे टिचकी बसताच ते डोलत घसरतात, आणि टिचकी मध्यावर न देता जरा कडेला दिली तर वळण घेत प्रतिस्पर्ध्याला वळसा घालून चेंडूपर्यंत पोहोचतात. ही करामत पहिल्यांदा साधते तेव्हा होणारा आनंद मोठा असतो. मैदानाच्या कापडाला मात्र घड्यांच्या रेघा पडलेल्या असतात व त्यांवर चेंडू दिशा बदलतो, म्हणून कापडाला हलकी इस्त्री करून ते सपाट फळीवर ताणून बसवावे.

१९४७ मध्ये इंग्लंडमध्ये पीटर अडॉल्फ यांनी हा खेळ विक्रीस आणला, तेव्हा संचात मैदानच नसे. खडूने जुन्या लष्करी ब्लँकेटवर रेषा आखून घ्याव्या लागत. त्या मानाने आजचा ग्राहक सुखी आहे.

माझा आक्षेप आहे तो सोबतच्या नियमपुस्तिकेवर. मूळ नियम तिने बरे सांगितले आहेत: टिचकी खेळाडूला मारायची, चेंडूला थेट नाही, टिचकी मारलेला खेळाडू चेंडूला लागला आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या खेळाडूला लागला नाही, तर ताबा आपल्याकडे राहतो, एकच खेळाडू सलग तीनदा चेंडूला स्पर्श करू शकतो, पुढचा स्पर्श दुसऱ्या खेळाडूचा हवा. परंतु टिचकी नेमकी कशी मारायची, हे तिने एका चित्रावर भागवले आहे. कॅरमची सवय असलेला माणूस बोट अंगठ्याला अडकवून सोडतो, आणि येथे तेच निषिद्ध आहे. तर्जनी किंवा मधल्या बोटाच्या नखाने, अंगठ्याचा आधार न घेता, झटका द्यायचा. खेळाडूला ढकलत नेणे चालत नाही.

त्याहून गंभीर उणीव बचावाच्या टिचकीबाबत आहे. चाल करणाऱ्याच्या प्रत्येक टिचकीनंतर बचाव करणाऱ्याला आपला एक खेळाडू हलवण्याची मुभा असते, पण तो चेंडूला किंवा प्रतिस्पर्ध्याच्या खेळाडूला लागला तर नियमभंग ठरतो. या एका तरतुदीमुळे खेळाला डावपेचांचे रूप येते. चेंडू आणि पुढचा संभाव्य खेळाडू यांच्यामधली वाट बचावकर्ता अडवतो, चाल करणारा ती अडण्याआधीच दुसरी वाट शोधतो, आणि दोघांनाही आपल्या टिचकीबरोबर समोरच्याच्या टिचकीचाही विचार करावा लागतो. पुस्तिकेत यासाठी जेमतेम दोन वाक्ये आहेत. न वापरलेली संधी पुढच्या फेरीसाठी साठवता येत नाही, हे तर तिने सांगितलेलेच नाही, आणि नवख्या जोडीचे वाद बहुधा येथेच होतात.

गोलवर फटका मारण्यासाठी चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला गोलसमोर आडव्या आखलेल्या फटका-रेषेच्या पूर्णपणे आत असावा लागतो, हा नियम स्पष्ट दिला आहे. गोलरक्षक मागून दांडीने हलवायचा असतो. या संचातली दांडी मजबूत असून गोलच्या जाळीत अडकत नाही.

या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांत १५ मिनिटांची दोन सत्रे असतात. घरी सुरुवातीला याहून कमी वेळ ठेवावा, कारण नियम तपासण्यातच बराच वेळ जातो. महासंघाचे सविस्तर नियम मिळवून ते संचाच्या खोक्यात ठेवल्यास पुस्तिकेची उणीव भरून निघते. ज्यांना खोका उघडताच गोल करायचे आहेत, त्यांनी दांड्यांवर फिरणाऱ्या खेळाडूंचे टेबल घ्यावे. पण आधी तासभर बसून नियम समजून घेण्याची तयारी असलेल्या दोघांसाठी हा संच मी निःसंकोचपणे सुचवेन.