चर्च ऑफ इंग्लंडची जनरल सिनॉड (चर्चचे नियम-कायदे ठरवणारी सभा) निवडणूक: पाचपैकी तीन स्टार
मोजणीची पद्धत खरंच मस्त, पसंतीक्रमाने १, २, ३ नंबर द्यायचे, त्यामुळे छोट्या गटाचाही माणूस निवडून येऊ शकतो आणि मत सहसा वाया जात नाही. पण हाऊस ऑफ लेटीसाठी, म्हणजे सिनॉडमधल्या धर्मगुरू नसलेल्या सदस्यांच्या सभागृहासाठी, मत देतं कोण? फक्त डीनरी सिनॉडवर, म्हणजे आसपासच्या काही चर्चच्या मिळून असलेल्या सभेवर, गेलेले सामान्य सदस्य!! दर रविवारी चर्चला येणाऱ्या साध्या माणसाला त्यात थेट मतच नाही, हे मला अजिबात पटत नाही. आणि फरक किती पडतो बघा, २०१२ ला महिला बिशपचा ठराव याच सभागृहात अडला, बाजूने १३२, विरोधात ७४, तरी दोन तृतीयांशला ६ मतं कमी, मग थेट २०१४ पर्यंत थांबावं लागलं. इलेक्टोरल रोलवरच्या (प्रत्येक चर्चच्या नोंदणीकृत सदस्यांच्या यादीवरच्या) प्रत्येकाला मत द्या ना, यादी तर तयारच आहे.