फिंचचा खुराक आणि सप्लिमेंट: आठ महिन्यांनी काय राहिलं, काय बाद झालं

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात झेब्रा फिंच या चिमुकल्या पक्ष्यांची जोडी घरी आली, म्हणून नराचं नाव तिळू आणि मादीचं गुळी. दुकानदाराने जोडीबरोबर एक पिशवी हातात दिली. तिच्यात किलोभर कांगणी, मल्टिव्हिटॅमिनच्या थेंबांची बाटली, गुलाबी मिनरल ब्लॉक (चोचीने खरवडून खायचा क्षारांचा खडा) आणि ग्रिटची, म्हणजे बारीक खड्यांची, पुडी. पक्ष्यांपेक्षा पिशवी महाग पडली. नंतर मी त्यात लिक्विड कॅल्शियम आणि बाहेरून आलेल्या एगफूडची, म्हणजे अंड्याच्या तयार खुराकाची, भर घातली. आज सप्टेंबर संपत आलाय, तर एकेका गोष्टीचं काय झालं ते लिहिते. (कुणी रस्त्यावर रंगवलेली मुनिया 'फिंच' म्हणून विकत असेल तर घेऊ नका. मुनिया आपल्याकडचा रानपक्षी आहे, १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो पाळता येत नाही.)

आधी दाण्याबद्दल. दुकानदार कांगणी म्हणतो, सासूबाई राळे म्हणतात, धान्य एकच. फिंचला ते सालासकट लागतं. किराण्यात मिळतात ते राळे सोललेले असतात, ते लवकर खवट होतात आणि त्यांना मोडही येत नाहीत. फिंच दाणा चोचीत फिरवून साल काढतो आणि ते वाटीतच टाकतो. पहिल्याच आठवड्यात मी दोन दिवस वाटी भरलेली बघून खूश होते. तिसऱ्या दिवशी सहज फुंकर मारली तर सगळी फोलपटं ओट्यावर उडाली आणि तळाशी जेमतेम दहा-बारा दाणे उरले. एवढ्याशा जिवाला दिवसभर उपास परवडत नाही. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ वाटीवर फुंकर मारणं हे आमच्या घरात देवापुढे दिवा लावण्याइतकं नेमाचं झालंय. आता कांगणीत बाजरी, थोडी नाचणी आणि मिळाले तर कॅनरी सीड मिसळते. दोघांना मिळून दिवसाला दोन चहाचे चमचे पुरतात.

मल्टिव्हिटॅमिनचे थेंब माझ्याकडून सरळ नापास. ते पाण्यात घालायचे असतात. झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला, पाणी पितोच किती! कबुतरासारखी चोच बुडवून दोन घोट ओढतो आणि उडतो. कुणाच्या पोटात किती व्हिटॅमिन गेलं याचा हिशोब लागणार कसा? शिवाय पाणी पिवळं झालं, वेगळा वास आला की गुळी वाटीकडे फिरकायची नाही. मार्चमध्ये डोंबिवलीच्या उकाड्यात सकाळी भरलेली वाटी दुपारी चारला आतून बुळबुळीत लागायची. व्हिटॅमिनसोबत जंतूही वाढवत होते मी. दीड महिन्यात बंद केले.

मिनरल ब्लॉकबद्दल दोनच वाक्यं. "कॅल्शियमची सोय याच्यातच आहे, वेगळं काही नको," असं मला सांगितलं गेलं आणि मी ऐकलं. गुळीने त्याला चोचही लावली नव्हती, हे मला दिसत होतं.

त्याचे परिणाम एप्रिलमध्ये भोगले. मार्चमध्ये घरट्यासाठी लावलेल्या मडक्यात पाच अंडी झाली, एकही फुटलं नाही, ती काढली. लगेच तिने दुसरी खेप सुरू केली. तिसऱ्या दिवशी सकाळी गुळी दांडीवर नव्हती. ट्रेच्या कोपऱ्यात बसलेली, अंगाचा पिसांचा गोळा, डोळे अर्धे मिटलेले, आणि प्रत्येक श्वासाला शेपूट खालीवर. जवळ हात नेला तरी उडाली नाही. खोक्यात रुमाल अंथरला, बाजूला गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवली आणि रिक्षा करून पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे पळाले. त्यांनी पोटाला हलकेच बोट लावून सांगितलं, "अंडं अडकलंय." कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं आणि रात्रभर ऊब आणि दमटपणा राखायला सांगितला. पहाटे साडेपाचला खोक्यात अंडं पडलेलं होतं. त्याला टणक कवच नव्हतंच, बोटाने दाबल्यावर ओल्या कागदासारखं आत गेलं.

डॉक्टरांनी मग गणित मांडलं ते डोक्यात बसलं. गुळीचं वजन १४ ग्रॅम, एक अंडं साधारण एक ग्रॅमचं. रोज एक याप्रमाणे पाच दिवसांत पाच अंडी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ऐवज ती बाहेर काढते, आणि प्रत्येकावर चुन्याचं कवच. कांगणी-बाजरीत कॅल्शियम नावापुरतं आणि फॉस्फरस जास्त. अन्नातून मिळालं नाही तर ती ते स्वतःच्या हाडांतून काढते. तेही संपलं की अंडं पुढे ढकलायलासुद्धा स्नायूंत जोर राहत नाही.

"घरटं काढा, तीन महिने अंड्याचा खुराक बंद, आणि समुद्रफेस आणा," ते म्हणाले.

समुद्रफेस म्हटल्यावर सासूबाईंना हसू आवरेना. त्यांचं माहेर गुहागर. "अगं, त्यासाठी डॉक्टर कशाला? आमच्याकडे किनाऱ्यावर पडलेला असतो. कान फुटला की आजी उगाळायची." माकूळ जातीतल्या प्राण्याच्या पाठीतलं ते पांढरं, होडीच्या आकाराचं हाड. दुकानात कटलबोन म्हणून सेलोफेनमध्ये येतं, काष्ठौषधीवाल्याकडेही मिळतं. मे महिन्यात गुहागरला गेलो तेव्हा सकाळी ओहोटीला चालत जाऊन मी आणि मुलाने सात तुकडे गोळा केले. डांबर लागलेले, हिरवट पडलेले सोडून दिले. घरी तीन दिवस गोड्या पाण्यात भिजवले, पाणी दिवसातून दोनदा बदललं म्हणजे खारटपणा निघतो, मग उकळून गच्चीवर कडक वाळवले. तरी वास जायला आठवडा लागला. शेजारच्या काकूंनी दोनदा विचारलं, "सुकट आणलीत वाटतं?"

त्याची एक बाजू टणक असते, दुसरी इतकी मऊ की नखाने पांढरी पूड निघते. मऊ बाजू पक्ष्याकडे करून तारेने पिंजऱ्याला, दांडीच्या उंचीवर बांधायचं. पहिले चार दिवस दोघं त्याला घाबरून पलीकडच्या टोकाला. पाचव्या दिवशी संध्याकाळी खर्र-खर्र आवाज आला म्हणून वाकून बघितलं तर गुळी मान तिरकी करून चोच घासत होती, नारिंगी चोचीवर भुकटी, खाली ट्रेमध्ये रांगोळी सांडल्यासारखं. आठ महिन्यांतली सगळ्यात उपयोगी वस्तू कुठली म्हणाल तर हीच, आणि ही फुकट मिळाली. जुलैअखेर मडकं परत लावलं तेव्हा अंडी घालायच्या आठवड्यात ती दिवसातून पाच-सहा वेळा तिथे जायची. बाकी दिवसांत एखाद वेळ. तिचं तिला कळतं.

लिक्विड कॅल्शियम मी टाकून दिलं नाही. त्यात व्हिटॅमिन डी-३ आहे, आणि नुसतं कॅल्शियम खाऊन डी-३ नसेल तर ते अंगी लागत नाही. आमचा पिंजरा हॉलमध्ये काचेच्या खिडकीपाशी होता. ऊन भरपूर येतं म्हणून मी निर्धास्त. पण डी-३ तयार व्हायला जे किरण लागतात ते काच अडवते. आता पिंजरा रोज सकाळी अर्धा तास बाल्कनीत, अर्ध्या भागावर पंचा टाकून, म्हणजे नको असेल तर सावलीत जाता येतं. कावळे फार आहेत, त्यामुळे मी तिथेच चहा घेत बसते. पावसाळ्यात ऊनच नव्हतं, तेव्हा आणि अंड्यांच्या दिवसांत लिक्विड दिलं, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापाने. डी-३ जास्त झालं तर मूत्रपिंडावर येतं, म्हणून ते असलेली दोन औषधं एकाच वेळी देऊ नका. माणसांचं सिरप तर नकोच.

एगफूड त्यांना आवडलं, खोटं का बोलू. पण छोटं पाकीट साडेपाचशेचं, आणि उघडल्यावर महिन्याभरात पावसाळी हवेने त्यात गाठी झाल्या, मग किडे. त्यापेक्षा बारा मिनिटं उकडलेलं अंडं कवचासकट किसून, त्यात थोडा भाजलेला रवा. जोडीला अर्धा चमचा पुरतो, उरलेलं मुलाच्या डब्यात. दोन तासांत वाटी काढायचीच, आपल्या हवेत अंडं तेवढंच टिकतं. एक गोष्ट मात्र मला कुणी आधी सांगितली नाही. अंड्याचा खुराक रोज मिळाला की फिंचला वाटतं सुगीचे दिवस आले, आणि तो घरटं मांडायला लागतो. मार्च-एप्रिलमध्ये मी कौतुकाने रोज एगफूड देत होते, कॅल्शियम शून्य. गुळीची ती अवस्था मीच ओढवली म्हणायची. आता एरवी आठवड्यातून एकदा, पिल्लं असताना रोज दोनदा, आणि सध्या तिळूची पिसं गळताहेत म्हणून दोनदा आठवड्याला.

व्हिटॅमिन ए दाण्यांत फारसं नसतं, ते पाल्यातून जातं. कोथिंबीर, मेथी आणि सगळ्यात भारी शेवग्याचा पाला. नीट धुवून जुडी कपड्यांच्या चिमट्याने जाळीला लटकवते. पालक क्वचित, कारण तो कॅल्शियम अडवून धरतो. मोड आलेली कांगणीही देते, रात्री भिजवून सकाळी चाळणीत, मटकीसारखीच. पण जुलैमध्ये दोनदा आंबूस वास आला, दोन्ही वेळा फेकली. गच्चीच्या कडेला पावसात उगवलेल्या गवताची हिरवी कणसं मात्र दोघं भांडून खायची.

ग्रिटची पुडी तशीच पडून आहे. कबूतर दाणा अख्खा गिळतं, फिंच सोलून खातो, त्याला खड्यांची तेवढी गरज नाही.

पक्ष्यांच्या दुकानात न मिळणारी एक गोष्ट सांगते, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला वजनकाटा. दर रविवारी त्यावर छोटी प्लास्टिकची डबी ठेवून दोघांचं वजन वहीत लिहिते. फिंच आजारपण शेवटपर्यंत लपवतो, वजन लपवता येत नाही. जूनमध्ये तिळू १३.२ वरून १२.१ वर आला तेव्हा वरवर अगदी मजेत गात होता. शोधलं तर नव्या पोत्यातल्या कांगणीत जाळी धरलेली, तो अर्धी टाकून देत होता. दाणा बदलल्यावर दोन आठवड्यांत १३ला परत आला.

ऑगस्टच्या खेपेची चार अंडी, तीन पिल्लं, गुळीला काही त्रास नाही. पिल्लांच्या काळ्या चोचीला आता बुडाकडून नारिंगी चढायला लागलंय. मडकं परवाच धुवून माळ्यावर टाकलं.