लुआंग प्रबांग की चियांग खान? आईला घेऊन जायचं असेल तर

मेकाँगकाठचं शांत, विहारांचं गाव हवं म्हटलं की ही दोन नावं पुढे येतात. आम्ही दोन्ही केली. आई सोबत होती, आणि तिला काय भावलं यावरच माझं मत बरंचसं बेतलेलं आहे.

नुसते विहार पाहायचे असतील तर लाओसमधलं लुआंग प्रबांगच. सोळाव्या शतकात राजा सेत्थाथिरातने बांधलेल्या वात शिएंग थोंग या विहाराची छपरं एकाखाली एक उतरत पार खाली येतात. मागच्या भिंतीवर काचेच्या तुकड्यांनी जडवलेलं झाड आहे. आई त्याच्यापुढून हलेना. 2021च्या डिसेंबरात रेल्वे सुरू झाल्यापासून राजधानी व्हिएन्तिएनहून दोनेक तासांत पोचता येतं, हेही मोठंच सुख.

थायलंडच्या लोई प्रांतातलं चियांग खान त्यामानाने साधं. जुन्या लाकडी घरांचा एक लांब रस्ता, मागे नदी, पलीकडच्या काठाला लाओस. तिथल्या विहारांत शिएंग थोंगच्या तोडीचा मला तरी दिसला नाही.

पण आईला दान द्यायचं होतं. पहाटे भंते रांगेने भिक्षेला निघतात ते दोन्हीकडे. लुआंग प्रबांगला ती पांढरी साडी नेसून अंधारातच मुख्य रस्त्यावर जाऊन बसली, मांडीवर चिकट भाताची वेताची टोपली. रांग जवळ आली तसे फोन घेतलेले प्रवासी सरसावले. फ्लॅश थेट भंतेंच्या तोंडावर. एकजण तर आईच्या आणि भिक्षापात्राच्या मधोमध उभा राहिला. तिचा हात तसाच राहिला, भंते पुढे निघून गेले. दिवसभर ती त्यावर काही बोलली नाही. मला मात्र ते अजून डाचतं. कदाचित आमची सकाळच वाईट निघाली असेल. आतल्या गल्ल्यांमध्ये गर्दी कमी असते असं नंतर कळलं.

चियांग खानला घरमालकिणीने दारातच चटई टाकली. चपला काढायला लावल्या, भाताचा किती गोळा घ्यायचा ते बोटांनी दाखवलं. पाच-सहाच भंते आले. आईने प्रत्येकाच्या पात्रात भात ठेवला. शेजारची आजीही तिच्यासारखीच हात जोडून बसली होती. भाषा येत नसूनही दोघींचं नंतर बराच वेळ काहीतरी चाललं होतं. निघताना आजीने पाकवलेल्या खोबऱ्याच्या पट्ट्यांची पुडी हातात ठेवली. आपल्या खोबऱ्याच्या वडीचीच चुलत बहीण.

सवड असेल तर दोन्ही पाहा. एकच जमणार असेल आणि घरचं वडीलधारं माणूस दानासाठी येणार असेल, तर मी चियांग खान म्हणेन. शनिवार-रविवार मात्र टाळा, तेव्हा तिथेही झुंबड उडते. आणि खोली नदीकाठच्या त्या जुन्या रस्त्यावरच घ्या, म्हणजे पहाटे आईला चालत जावं लागत नाही.